पान ४१ वरील कळलावी

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
लोकवनस्पती नोंद प्रकल्प, नागपूर.

विषय: ‘फुलझाडे: ओळख, आढळ व उपयोग’ या पुस्तिकेच्या पान ४१ वरील चूक तातडीने दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ: आपले दि. १८ ऑक्टोबरचे पत्र.

महोदय,

मी प्रेमिला बळीराम लांजेवार, वय ६४, सध्या राहणार हुडकेश्वर. मौदा तालुक्यातील आमच्या गावी मी तीस वर्षे सुईणपण केले. हा अर्ज मी सांगितला असून माझा मुलगा ऋषिकेश याने लिहिला आहे.

१. गेल्या वर्षी आपल्या प्रकल्पाचे मोहित सर गावी आले होते. मी त्यांना बांधावर नेऊन कळलावी दाखवली. पानाचे टोक वेलाच्या तणाव्यासारखे वळते व आधाराला धरते, फूल आधी पिवळे असते व मग लाल होते, पावसाळ्यात ती कुंपणावर चढते आणि खाली नांगराच्या आकाराचा कंद असतो, हे सर्व त्यांनी लिहून घेतले व ते बरोबर छापले आहे. उपयोग विचारला तेव्हा मी सांगितले की, पूर्वी बाळंतिणीला कळा येत नसल्या तर कंद उगाळून तळपायाला लावत व मूल होताच धूत. हेही सांगितले, “पोटात गेला तर बाई मरते, सर. हे आधी लिहा.” पुस्तिकेत ‘कंद उगाळून पोटात द्यावा’ असे छापले आहे. खाली ‘माहिती: प्रेमिला लांजेवार, अनुभवी सुईण’ असे आहे.

२. ही पुस्तिका आपण अंगणवाड्यांतून वाटली. माझी गरोदर मुलगी शामला हिच्या सासरी ती पोचली. दि. ३ सप्टेंबरला तिचा फोन आला, “आई, तुह्या बुकातलं औषध घेतलं वं. सासूबाईनं दिलं.” मी विचारले, “कोणतं? काहून घेतलं?” ती म्हणाली, “तुहं नाव होतं म्हणून.” सायंकाळी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेले, तेथे तिसऱ्या दिवशी ती वारली. मूल पोटातच गेले होते. शेवटपर्यंत ती शुद्धीवर होती व मला धीर देत होती.

३. मी दुरुस्तीचा अर्ज केला. आपल्या पत्रात दुःख व्यक्त केले आहे, तथापि ‘मजकुराची जबाबदारी माहिती देणाऱ्यावर राहील’ या पान दोनवरील सूचनेकडे लक्ष वेधले आहे. शिल्लक प्रती संपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत विचार होईल, असेही कळवले आहे.

४. म्हणून मी स्वतः कार्यालयात आले. गोदामात बसून प्रत्येक प्रतीत ‘पोटात द्यावा’ खोडून ‘पोटात देऊ नये’ लिहिण्याची परवानगी मागितली. मी चौथी शिकले आहे, एवढे मला लिहिता येते. लिपिक जितेंद्र साहेबांनी पान ४१ उघडले. तेथे माझ्या नावाखाली दुसऱ्याच बाईचा फोटो आहे. ते म्हणाले, “तुम्ही ह्या नाही दिसत. पुरावा आणा.” फोटो नमुन्यादाखल छापल्याचे त्यांनीच सांगितले. तरी पुरावा मीच आणायचा आहे. मुलीच्या मरणाची जबाबदारी घ्यायला मी प्रेमिला आहे, दोन शब्द खोडायला नाही.

५. त्यानंतर मी गावोगावी फिरून सांगू लागले. सात गावांत लोकांनी ऐकले व पान फाडून दिले. आठव्या गावी कामिनी नावाच्या मुलीचे दिवस भरत आले आहेत. तिच्या सासूने पुस्तिका आणून फोटो माझ्या तोंडाशी धरला व म्हणाली, “शिकलेल्या लोकायनं छापलं हाये. तू कोन?” मी शामलाचे सांगितले. तिला ते खोटे वाटले. मी पुन्हा येऊ नये म्हणून दारात माणूस बसवला आहे.

तरी, मी हीच प्रेमिला लांजेवार असून कळलावीचा कंद पोटात देऊ नये, असे आपल्या सहीशिक्क्याचे एका ओळीचे पत्र मला आजच द्यावे. अंगणवाडी ताईंनी कामिनीची तारीख २० सांगितली आहे. तिच्या अंगणात सुपात कंद चिरून वाळत घातलेला मी पाहिला आहे.

आपल्या दारात पत्रासाठी बसलेली,
प्रेमिला बळीराम लांजेवार
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत: पान ४१ ची झेरॉक्स, शामलाचा मृत्यूचा दाखला, फाडून दिलेली सात पाने.