आपली हळद त्याच रांगेत

अण्णा,

तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की विचारायची सवयही मोडली, आणि जिला विचारलं असतं ती आईही आता नाही. म्हणून लिहायला बसले. माझा गोंधळ उडाला आहे, आणि तो साधासुधा नाही. तुमच्या पेढीच्या खोलीतलं माझं मशीन बंद करायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं. त्यात सांगलीपासून उंब्रजपर्यंतच्या दुकानदारांचे हिशेब आहेत. ते सगळे उचलून दुसऱ्याच्या मशीनमध्ये ठेवायचे, महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं आणि ते मशीन मला आयुष्यात कधी दिसणार नाही, असा एकूण प्रकार. याला क्लाउड म्हणतात. ढगबिग काही नाही त्यात, कुठल्याशा शहरातल्या मोठ्या इमारतीत गारेगार खोल्यांमधून हजारो मशीनं ठेवलेली असतात. लोक मला म्हणतात, मॅडम, काळ बदलला. मला मात्र वाटतं की मी हे आधी कुठंतरी पाहिलं आहे, आणि ते तुमच्याच दारात पाहिलं आहे.

हरिपूरची आपली पेवं आता कुणाला सांगून पटत नाहीत. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत मात्र खोलीएवढा ऐसपैस. आतून पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची, वरून मातीनं तोंड लिंपून टाकायचं, की पुढं भाव येईपर्यंत तिकडं बघायचं नाही. माल व्यापाऱ्याचा, खड्डा आपला, भाडं हंगामाचं. वर चालणाऱ्या माणसाला पायाखाली काय आहे याचा पत्ता नसायचा. मी लहान असताना त्या रांगेवरून लंगडी घालत जायचे आणि तुम्ही ओरडायचात, "पोरी, लोकाच्या मालावर नाचू नगंस!"

आणि त्याच रांगेत आपल्या घरच्या हळदीचं पेव. यावरून आईचं आणि तुमचं दरवर्षी वाजायचं. पेव एकदा उघडलं की सगळं रिकामं करावं लागतं, त्यामुळं भाव येईपर्यंत घरची हळदही जमिनीत. एका वर्षी डब्यातली संपली. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले आहे, दिवेलागणीच्या आधी जेवणं उरकायची म्हणून आईची घाई चालली आहे, आणि फोडणी चुलीवर तडतडते आहे. आई रिकामा डबा तुमच्यापुढं उपडा करून दाखवते. "आवं, पेवभर हळद असताना मी शेजारणीपुढं वाटी धरायची व्हय? चार पोती माळ्यावर टाकली असती तर काय बिघडलं असतं?" तुम्ही शांतपणे भाकरी मोडता. "आपला माल माळ्यावर आन् लोकाचा जमिनीत, हे बरं दिसत न्हाई. पाणी लागलं तर आपल्याला बी लागलं पायजे." त्या दिवशीची आमटी पांढरीफटक झाली होती. आईनं ती मुद्दाम तुम्हालाच जास्त वाढली.

साताऱ्याला मावशीकडं राहून मी संगणकाचा कोर्स करून आले, ते नव्वदीतलं साल. बाजारात तेव्हा संगणक असलेला व्यापारी शोधूनही सापडला नसता. मी तुम्हाला म्हटलं, एक मशीन घेऊ या, सगळ्या व्यापाऱ्यांचे हिशेब आपण त्यावर करून देऊ, प्रत्येकानं स्वतः घ्यायची गरज नाही. हे पटवायला मी दोन दिवस तयारी केली होती, आकृत्या काढल्या होत्या. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, माझा कागद जरा वेळ उलटसुलट केलात आणि म्हणालात, "म्हंजी पेवच की! माल त्यांचा, खड्डा आपला." मला राग आला होता, अण्णा. एवढं शिकून आले आणि तुम्ही त्याचा खड्डा केलात.

पण पेढीची खोली तुम्ही मला दिलीत, ते बक्षीस मी विसरले नाही. घरात एकच कूलर होता. संगणकाला उष्णता चालत नाही म्हटल्यावर तो तिकडं गेला, आणि तुम्ही तुमची गादी, तक्क्या आणि पितळी तांब्या घेऊन ओसरीवर आलात. एप्रिलच्या उकाड्यात तुम्ही पंच्यानं वारा घेताय आणि आत मशीन गारव्यात बसलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही सांगायचात, "आमी भाईर. जावई आत हाय." गावात त्या मशीनचं नावच जावई पडलं. वीज गेली की लोक मला विचारायचे, "जावई रुसला काय गं?"

उंब्रजचा तो जाडजूड व्यापारी आठवतो का? आपल्याकडं त्याची हळदही होती आणि माझ्याकडं त्याचे हिशेबही. भाड्यावरून तुमची त्याची बोलाचाली झाली, आणि हंगाम संपायच्या आत तो दाराशी टेंपो घेऊन उभा. माल काढून द्या म्हणाला, मी कोल्ड स्टोरेजला ठेवतो. मला वाटलं, तुम्ही त्याला चांगलं सुनावाल, निदान आठवडाभर टोलवाल. तुम्ही उठलात, पेवाचं तोंड फोडायला सांगितलंत. आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत सगळे थांबले, मग दोराला कंदील बांधून आत सोडला. तो विझला नाही तेव्हा हमाल उतरले. पहिलं पोतं वर येताना तुम्ही नेहमीसारखे पाठ फिरवून उभे. मालकानं माल बघून "बराबर हाय" म्हणेपर्यंत तुम्ही कधी वळायचा नाहीत. त्या दिवशी तो जाणूनबुजून बराच वेळ गप्प राहिला. तुम्ही उन्हात, नदीकडं तोंड करून, हात मागं बांधून. मला त्याच्यापेक्षा तुमचाच संताप आला.

टेंपो गेल्यावर मी तणतणले. तुम्ही असं सहज सोडून दिलंत तर उद्या सगळेच जातील, आणि पाठ कसली फिरवता, तुमच्याच पेवात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही का? आयुष्यात तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढाच. "आत घेताना शंभर सवाल कर. भाईर काढताना एक बी करू नगंस! आन् म्हाईत हाय म्हणूनच पाठ फिरवायची. म्हाईत नसलेल्यानं फिरवली काय आन् न्हाई फिरवली काय." मी दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. आईनं मात्र त्या रात्री तुम्हाला आमटी व्यवस्थित पिवळी वाढली.

पुढं दोन-तीन वर्षांत संगणक स्वस्त झाले आणि सांगलीत संगणकाच्या दुकानांना पेव फुटलं. ज्याला त्याला स्वतःचं मशीन हवं. माझी गिऱ्हाइकं एकेक करून आपापले हिशेब मागायला आली. पहिला अर्थात तो उंब्रजचाच. मी ओसरीवर तुमच्याकडं बघितलं, तुम्ही तांब्याकडं बघत होतात. मी मुकाट्यानं त्याचे सगळे हिशेब फ्लॉपीवर उतरवून दिले, वर छापूनही दिले. मग पोटासाठी मी प्रत्येकाच्या दुकानात माझा प्रोग्राम बसवून द्यायला लागले. मलकापूर, उंब्रज, एकदा तर एस.टी.नं आटपाडीपर्यंत, पिशवीत फ्लॉपी आणि डब्यात आईची भाकरी. तुम्हाला ते कळेचना. तुम्ही म्हणालात, "पेव मोडून घरोघर कणग्या मांडल्या व्हय? आता घरोघर उंदरं बी हुतील." झालीच. कुणाच्या मशीनला व्हायरस, कुणाच्या मशीनवर चहा सांडला. पण लोक खूश होते, कारण स्वतःची वस्तू डोळ्यांसमोर होती. एकदा पैसे टाकले की ती आपली, मग ती जुनी होऊन आपल्या अंगावर पडली तरी चालेल. मीही तेच शहाणपण मानलं. तुम्ही चुकलात आणि मी बरोबर, असं मनात म्हटलं, आणि त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. एका पावसाळ्यात नदी गावात शिरली आणि पेवांतही शिरली. तुमच्यामागं काका बघत होते ती. पाणी ओसरल्यावर सगळ्या रांगेत पिवळा चिखल होता, आणि वास आठवडे गेला नाही. व्यापारी आले. मला वाटलं आता काकांचं काही खरं नाही. व्यापारी रांगेतून चालत गेले, आपल्या घरच्या पेवापाशी थांबले, आत बघितलं. आपलीही हळद त्याच चिखलात. एकानंही काकांची कॉलर धरली नाही. उलट एकजण म्हणाला, "चला, तुमचं बी गेलं की वो," आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला आईची पांढरी आमटी आठवली आणि मी तिथं चिखलात उभी राहून रडले.

नंतरच्या एका पुरात दुकानांमधली मशीनं बुडाली. स्वतःची, डोळ्यांसमोरची. तेव्हापासून गिऱ्हाइकं पुन्हा म्हणायला लागली, ताई, एक प्रत तुमच्याकडं असू द्या. म्हणजे मी परत पेववाली झाले. पण त्या पुरात पाणी आपल्या पेढीच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत आलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. आणि आता हा क्लाउड. मशीन विकत घ्यायला नको, कूलर नको, जितकं वापराल तितकं भाडं. भाडं मात्र मरेपर्यंत. हे स्वस्त की महाग, मी कितीदा मांडून पाहिलं. एकदा स्वस्त येतं, एकदा महाग येतं. मग हा काळ पुढं गेला म्हणायचा की फिरून हरिपूरला आला?

ती सेवा विकणाऱ्या माणसाशी मी फोनवर बोलले. भला माणूस होता. म्हणाला, माल आत आणायला काही आकार नाही, बाहेर न्यायचा झाला तर मात्र पडेल. मी दोनदा विचारून खात्री केली. अण्णा, हे तुमच्या बरोबर उलट झालं. मग मी विचारलं, आमचा माल उघडताना तुमचं कुणी पाठ फिरवून उभं राहतं का? तो म्हणाला, "मॅडम, सगळं एन्क्रिप्टेड असतं, आमच्या कुणाला दिसतच नाही." हे चांगलंच आहे की हो. ज्याला दिसत नाही त्याला पाठ फिरवायला कशाला लागते? मग मला एवढं ओकंबोकं का वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं असतं का, तेही कळत नाही.

शेवटी मी होकार दिला. पाण्याची भीती मोठी होती. काल दिवसभर हिशेब तिकडं जात होते. पडद्यावर एकेक दुकानाचं नाव येत होतं आणि सरकत होतं. उंब्रजचं आलं, आता त्याचा मुलगा दुकान बघतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खुर्ची फिरवून खिडकीकडं तोंड करून बसले आहे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "बराबर हाय" म्हणायलाही कुणी नव्हतं. मग किती वेळानं वळायचं ते मला समजेना.

सगळ्यांचं तिकडं गेलं, अण्णा. गिऱ्हाइकांना मी सांगितलं, निर्धास्त राहा, माझंही तिथंच आहे. आणि आज हे लिहायची वेळ आली तेव्हा मशीनपुढं बसले, "अण्णा" एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. मग कपाटातून कागद काढला. हे पत्र मी हातानं लिहिलं आहे, आणि माळ्यावरच्या आईच्या पेटीत ठेवणार आहे.