मंग आक्का काय म्हन्ली?

केदारखेडा, ता. भोकरदन
१८ जून १९९९

चि. मच्छिंद्रास, गोजरआक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली दर सोमवारी टीव्हीत दिसतीच, म्हणून विचारत न्हाई. गेल्या सोमवारी मात्र गाल बसल्यासारखे वाटले. बराबर खातो का न्हाई?

सरकी लावून झाली. तुझे दाजी दिवसभर शेतात असतात, पण मालिकेच्या टायमाला हातपाय धुऊन हजर. लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला लावतात. निम्मी आळी आमच्या ओसरीवर येती. तू तो म्हातारा आप्पा होऊन सुनेवर वरडायला लागलास की शेजारची पुष्पाबाई पदर तोंडाला लावून हसती. म्हनती, ह्यो मानूस एवढा वरडतो, तरी त्याचा राग का येत न्हाई? मला बी ते वरडनं कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं, पण ध्यानात येत न्हाई.

आता लिहायचं कारण. कारगिलच्या बातम्या लागल्यापासून शिवाजीनं मिलिट्रीच्या भरतीचं खूळ घेतलंय. सकाळी उठून सडकेनं पळतो. मी न्हाई म्हन्लं तर म्हन्तो, मामा एकाहत्तरच्या लढाईत गेल्ता की. बाबा, तू गेल्तास, ते खरं. पन तू परत आल्तास तवा मायनं किती विचारलं, अन् तू काय सांगितलं? जेवन बरं होतं, थंडी लई होती. त्याच्यापुढं इतक्या वर्षांत एक अक्षर न्हाई. मी बी इचारायचं सोडलं.

एकच पोरगं, ते बी उशिरा झालेलं. तो बापाचं ऐकत न्हाई, माझं ऐकत न्हाई, तुझं ऐकंल. त्याला जाऊ नको म्हणून लिही. जल्दी लिही.

माया पातळ करू नको, आन् दुधाचा चहा कमी कर.

तुझी
गोजरआक्का


मुंबई
२७ जून १९९९

ती. आक्कास, मच्छिंद्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. गाल बसलेले नाहीत, ती मेकअपवाल्याची करामत आहे. चहाचं बघतो.

हे पत्र आधी तू वाच, मग शिवाजीला दे.

मी बंदूक फारशी चालवली नाही, आक्का. मी ट्रक चालवला. राजस्थानच्या सरहद्दीवर जाताना तोफेचे गोळे न्यायचे, येताना जखमी आणायचे. एका दुपारी माझ्या ट्रकमध्ये दोघांना ठेवलं. एकाचा पाय गुडघ्याखाली चेचला होता, दुसऱ्याच्या पोटाला लागलं होतं. रस्ता म्हणजे वाळूतली चाकोरी. दर खड्ड्याला पायवाला ओरडायचा, मला शिव्या द्यायचा. एकदा म्हणाला, काय करून राह्यला रे भाड्या, आणि माझा पाय ब्रेकवर गेला. इतक्या लांब ती आपली बोली! विचारलं तर अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीचा निघाला. नाव कडूबा.

थांबायची सोय नव्हती, वर विमानांची भीती. त्याचं ध्यान दुखण्यावरून काढावं म्हणून मी मोठमोठ्यानं बोलायला लागलो. काय बोलावं ते सुचेना. मग मी तुझी नक्कल केली. तू म्हशीला म्हणायचीस ना, तुला बाजारात इकते, तुज्या जागी शेळी बांधते, मंग बस रडत. आणि म्हणता म्हणता तिच्याच पाठीवरून हात फिरवायचीस. ते सगळं केलं. कडूबा कण्हत कण्हत हसला आणि त्यानं विचारलं, “मंग आक्का काय म्हन्ली?” मी पुढं बोललो. जरा गप्प झालो की तो परत तेच विचारायचा. मला, दाजींना, शेळ्यांना, ज्याला ज्याला तू बोललीस ते सगळं मी त्या वाटेवर बोललो. आप्पाचं ओरडणं तू कुठं ऐकलंस ते आता कळलं असेल. ते तुझंच आहे.

सुरुवातीला दुसऱ्याच्याही हसण्याचा आवाज आला. त्याला मराठी येत नव्हती. दवाखान्यात पोचलो. कडूबाचा पाय काढावा लागला, पण तो वाचला. दुसरा वाटेतच गेला होता. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झाला असावा. म्हणजे मी नकला करत होतो, तेव्हाच. त्याचं नाव विचारायलाही सवड मिळाली नाही; पुढच्या फेरीचे गोळे भरून ठेवले होते.

मायला हे कसं सांगणार? जेवण बरं होतं, तेवढंच सांगितलं. आजही लोक हसायला लागले की मला मधेच त्या ट्रकची घरघर ऐकू येते.

शिवाजीला जा म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि नको म्हणायचा हक्क वाटत नाही. झालं ते लिहिलं. दाजींना नमस्कार. लोभ ठेवशीलच, रागावलीस तरी.

तुझा
मच्छिंद्र


केदारखेडा
११ जुलै १९९९

चि. मच्छिंद्रास, आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

मला न इचारता लढाईवर नेलंस, अन् आता सांगतोस. पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शिवाजी पळायला गेला न्हाई. मी चुलीपुढं बसून रडले. मंग म्हन्लं रडून काय होतं, त्या मानसाला बघून येऊ. शिवाजीला घेतलं आन् यष्टीनं वडीगोद्री गाठली.

कडूबा हाये. हायवेला त्याचं चहा-भज्याचं हाटेल हाये, जयपूरचा पाय लावून गल्ल्यावर बसतो. कढईमागं बायको, अन् वर टीव्ही. मी केदारखेड्याची, मच्छिंद्राची बहीन म्हन्ल्याबरोबर तो उठायला लागला. मला म्हन्ला, तुमी त्या आक्का? म्हशीच्या? आन् इतका हसला की गिऱ्हाईक बघाय लागले. तू टीव्हीत पहिल्यांदा बोललास तवाच त्यानं वळखलं होतं. पन एवढ्या मोठ्या मानसाला पत्र कसं लिहावं म्हणून लिहिलं न्हाई.

मंग मी दुसऱ्याचं काढलं. त्यानं आधी टीव्ही बंद कराया लावला. त्यानं सांगितलं ते लिहिते, नीट बसून वाच.

त्या पोराचं नाव बिसनाथ. बिहारकडचा. दोघं शेजारी शेजारी पडले होते. त्यानं कडूबाला इचारलं, ड्रायवर काय बोलून राह्यला? कडूबानं मोडक्या हिंदीत सांगितलं, बहिनीची नक्कल करतोय. तू बोलायचास, कडूबा त्याला समजवायचा. बिसनाथ म्हन्ला, माझी दीदी बी अशीच रागावती, आन् हसला. त्यानं कडूबाचा हात धरला होता. मंग हात सैल पडला. कडूबाला कळलं. पन तुला सांगितलं असतं तर तू ट्रक थांबवला असतास, म्हणून त्यानं सांगितलं न्हाई. उलट इचारत राह्यला. मला म्हन्ला, “आक्का, तितून पुढं मला हसू येत नव्हतं. पन ड्रायवर बोलत ऱ्हावा, म्हणून मी मंग काय म्हन्ली, मंग काय म्हन्ली, करत होतो.”

शिवाजीनं त्याला सरळ इचारलं, भरतीला जाऊ का नको. कडूबानं जा बी म्हन्लं न्हाई, नको बी म्हन्लं न्हाई. पँट वर करून पाय दाखवला. आन् म्हन्ला, गेलास तर शेजारी कोन झोपतो त्याचं नाव-गाव पहिल्याच दिवशी इचारून घे.

येताना यष्टीत शिवाजी खिडकीबाहेर बघत होता. भोकरदनच्या फाट्याला म्हन्ला, माय, तू हो म्हन्लीस तरच जाईन. वडीगोद्रीला जायच्या आधी म्हन्ला असता तर मी न्हाईच म्हन्ले असते. चार दिवस इचार केला, तुझ्या दाजीसंगं भांडले. काल त्याला हो म्हन्लं. माझ्या मनाला बिलकुल पटलेलं न्हाई, तरी म्हन्लं. का ते मला नीट सांगता येत न्हाई.

तू ये. माया आहे तशीच आहे, जरा जास्तच.

तुझी
आक्का


मुंबई
१९ जुलै १९९९

ती. आक्कास, मच्छिंद्राचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मेकअपच्या खोलीत वाचलं. मेकअप दोनदा करावा लागला. दिग्दर्शक काय झालं म्हणाले, तर मी म्हटलं, गावाकडून एका माणसाचं नाव कळलं. त्यांना काही समजलं नाही, पण त्यांनी रजा दिली.

बिसनाथ. समुद्राकडच्या रस्त्यानं चालत घरी आलो आणि वाटेत दोन-तीनदा ते मोठ्यानं म्हणून बघितलं. लोक वळून बघत होते. त्यांना वाटलं असेल, आप्पा पाठांतर करून राह्यला.

मी मंगळवारी निघतो. वाट वाकडी करून आधी वडीगोद्रीला उतरेन, आणि कडूबानं येऊ दिलं तर त्याला घेऊनच केदारखेड्याला येईन. शिवाजीबरोबर भरतीच्या मैदानापर्यंत मी जाईन. तूही चल. त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा असला तर तिथं सगळ्यांदेखत फिरव, लाजू नको.

बाकी समक्ष.

तुझा
मच्छिंद्र