दुसऱ्या ट्रॅकवरचा बाजार

आई, ती बाजाराच्या सीनवाली डिस्क काल शेवटी पूर्ण उतरली. कॉम्प्युटरवर, फाइल करून, इंग्रजी, हिंदी आणि तमिळ, तिन्ही आवाजांसकट. तमिळ आपल्या घरात कुणाला कळत नाही, पण डिस्कवर आहे म्हणजे फाइलमध्येही असणार, हा माझा नियम. लोक नेमकी इथेच घाण करतात. सॉफ्टवेअर आपणहून फक्त पहिल्या ट्रॅकवर खूण करतं, माणूस बटण दाबून मोकळा होतो, डबिंग मागे राहतं आणि डिस्क भंगारात जाते. मला हे कुणी शिकवलं नाही. टीव्ही दुरुस्त करायलाही कुणी शिकवलं नव्हतं, तुला माहीतच आहे.

अंधेरीच्या त्या डबिंग स्टुडिओत तू दुपारचे डबे पोचवायचीस. एक दिवस रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मावशी, जरा थांबा, बाजारातली गर्दी करायचीय, बायका कमी पडतायत." माइकसमोर बांगड्या वाजतात म्हणून त्याने त्या काढायला सांगितल्या. तू म्हणालीस, "त्या निघायच्या नाहीत. तुझा रुमाल दे." मनगटाला त्याचा रुमाल गुंडाळून तू आयुष्यात पहिल्यांदा परदेशी बाजारात ओरडलीस. मग ते तुला बोलावतच राहिले. कधी दवाखान्यातली म्हातारी, कधी आग लागल्यावर पळणारी बाई. पडद्यावर तुझं नाव यायचा प्रश्नच नव्हता, आणि तू एकही सिनेमा पुरता पाहिला नाहीस.

मग या डिस्कवरच्या बाजाराच्या सीनमध्ये गर्दीत ओरडण्याशिवाय तुला एक अख्खं वाक्यही मिळालं. "हटो, मेरी टोकरी गिर जाएगी." आठवडाभर स्वयंपाकघरात तेच. तव्यावर बांगडे उलटतेयस आणि मला म्हणतेयस, बघ, संपलं का वेळेत. स्टुडिओत तुला बोलणी बसली होती ना, "मावशी, तिचं तोंड मिटलंय, तुम्ही अजून बोलताय." वाक्य पडद्यावरच्या टोकरीवाल्या बाईच्या ओठांत मावायला हवं होतं आणि तुझ्या हिंदीला मालवणी हेल असा, की टोकरी पडता पडता लांबायची. मी दुकानातून दमून आलेलो. म्हटलं, कशाला एवढी घोकंपट्टी, ज्याला बघायचंय तो इंग्रजीत बघतो, डबिंग कोण ऐकतं. तू मान वर न करता म्हणालीस, "त्या इंग्रजीवालीक माझो आवाज दिलंय, ती काय तक्रार करूक इली नाय. तुका कसलो त्रास होता? गप जेव."

त्या सिनेमांच्या डिस्क बाजारात आल्या तशा मी एकेक घेत गेलो. तू गेलीस तेव्हा लक्षात आलं की फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा तू मागे पंगत वाढतेयस आणि वर सनई. जे आहे ते या डिस्कवर, आणि तेही दुसऱ्या ट्रॅकवर. आता या डिस्क जायला लागल्यात. ही बाजारवाली अर्ध्यावर अडकायची. साबणाच्या पाण्याने धुतली, मधून कडेकडे पुसली, दोन ड्राइव्हनी हात टेकले. शेवटी दुकानातल्या एका मेलेल्या लॅपटॉपचा ड्राइव्ह काढून जोडला, त्याने कण्हतकुथत वाचली. मुलगी बघत बसली होती. म्हणाली, "पप्पा, हिंदी उडवा ना, जागा वाचेल." म्हटलं, किती वाचेल? तिला ठाऊक नव्हतं. पावणेदोनशे एमबी. तिच्या फोनमधले मांजराचे व्हिडिओ त्याहून जड आहेत, असं तिला सांगितलं. आवाज जसाच्या तसा घेतला, पुन्हा दाबून लहान केला नाही. हिंदी किंचित मागे पडत होतं, ते कानाने ओळखून जागेवर आणलं. ट्रॅकला 'हिंदी' असं नाव दिलं, नाहीतर प्लेअर त्याला 'अज्ञात' म्हणतो.

मग आम्ही दोघं बसून बाजार ऐकला. तुझं वाक्य त्यात नाही गं. टोकरीवाली बाई आहे, पण ती तोंडच उघडत नाही. तिचा बोलतानाचा शॉटच ऐन वेळी कापला असणार, आणि तू घरी कधी बोलली नाहीस. गर्दीत तीन बायका ओरडतात, एकीमागून एक. मुलीने विचारलं, "यातली आजी कुठली?" मी म्हटलं, दुसरी. जराही न थांबता. तिने तेवढा तुकडा पाच-सहा वेळा ऐकला आणि म्हणाली, "मग एवढाच कापून ठेवू या ना, आजीचा. बाकीचं काय करायचंय?" मी तिला सांगितलं, तुकडा कापला की सिंक बिघडतो, आवाज ओठांना चुकतो. तिने मान डोलावली.

उरलेल्या डिस्कही मी अशाच उतरवणार आहे, सगळ्या ट्रॅकसकट, एक आवाज इकडचा तिकडे न करता. त्यात तडजोड नाही. हे लिहिलेलं मात्र कुणाला दाखवणार नाही, मुलीला तर नाहीच. कारण सिंक-बिंक काही बिघडत नाही, आई. त्या तिघींतली तू कोणती, ते मला ओळखता आलेलं नाही.