रोजचं फिरणं

ताई,

बाबा गेले त्या दिवशी तू सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "यानं रोज फिरायला नेलं म्हणून इतके टिकले."

आम्ही फिरायचो ते चहाच्या दुकानापर्यंत. बाबांना शुगर आहे, हे तू कोपऱ्यावरच्या चहावाल्याला बजावून ठेवलं होतंस, म्हणून रोज नवी गल्ली धरायचो. गोडमिट्ट चहा, वर केक. मला नाही म्हणवायचं नाही. मिशा पुसत ते म्हणायचे, "ताईला कळलं तर दोघांची खैर नाही." शुगरपायी पाय कापावा लागला, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

शेवटी हॉस्पिटलात त्यांनी गोड मागितलं. तू शेजारीच होतीस. मी दरडावलं, "बाबा, गोड बंद आहे ना तुमचं?"

माझ्याकडे बघत ते म्हणाले, "हो रे, विसरलोच."

हे टपालात टाकायची छाती नसलेला,
तुझा धाकटा भाऊ