पिल्लांसमोर काढलेला बार

तिसगाव, शुक्रवार, डिसेंबर १९४६

मारलेलं तित्तर शोधून आणील असं कुत्र्याचं पिल्लू हवं म्हणून आज गणपतआबा शिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी आधीच बजावलं, "आदी नुसती थाळी वाजवून आवाजाची सवय लावायची. बंदूक सा म्हयन्यांनी." थाळी वाजली तशी सगळी पळाली. तपकिरी तेवढं माझ्या बुटाची नाडी चावत बसलं. तेच घ्यायचं ठरलं.

तेवढ्यात आबांची सून सहज बोलून गेली, शेवगावच्या मास्तरांच्या सुमनचं लग्न जमलं म्हणून. जिच्यापायी कॉलेज अर्धवट टाकून आलो, ती सुमन. डोकं फिरलं. भिंतीला टेकवलेली आबांची भरली बंदूक उचलली आणि आभाळात बार काढला. का? कोणावर?

तपकिरी बैलगाडीखाली शिरलं. बुटाची नाडी त्याच्या लाळेनं अजून ओली होती. तासभर बोलावलं, आलं नाही.

"बंदुकीला भ्यालं, आता शिकारीच्या कामाचं न्हाई," आबा म्हणाले. "दुसरं न्या. ह्येला म्या पोसनार न्हाई."

दुसरं कोणत्या तोंडानं मागू? तेच उचललं. हातात येताच मुतलं. कोटात घालून आणलं, वाटभर थरथरत होतं. आता खाटेखाली बसलंय. भाकरी द्यायला हात पुढे केला की डोळे मिटून घेतं.