सईचा जुना मास्क

मंगळवार, संध्याकाळ

जिन्यात सोनवणे काकूंनी सईचा गाल ओढला. म्हणाल्या, "काय गाल वर आलेत गं! शाळा बुडवून घरी बसणं मानवलंय पोरीला." आणि मी हसले. का हसले मी? सात वर्षांच्या पोरीच्या मेंदूत गाठ आहे, हे गाल स्टेरॉईडने सुजलेत, हे काकूंना माहीत आहे. डबासुद्धा पाठवतात. तरीही.

आज सकाळीच गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात रेडिएशनला गेलो होतो. डोकं हलू नये म्हणून सईच्या चेहऱ्यावर बेतून प्लास्टिकच्या जाळीचा मास्क केला होता. आज तो बसेचना. तिथल्या दादांनी दोनदा दाबून पाहिला, मग खाली बघत म्हणाले, "ताई, नवीन करावा लागेल. चेहरा भरलाय." जुना सईने हट्टाने घरी आणला.

गेल्या आठवड्यात मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं होतं. त्यांनी वर्षांचं नावच काढलं नाही. महिन्यांतच बोलत राहिले. आणि इथे म्हणे मानवलंय!

हे लिहितेय तोवर सई समोर बसून तोच मास्क तोंडावर दाबतेय. जाळीतलं नाक तिचंच आहे, हनुवटीही तिचीच, दोन महिन्यांपूर्वीची. गाल मात्र बाहेरच राहतात.

"आई, मला हा होतच नाहीये. मी मोठी झाले ना?"

काकूंवर कसली चिडतेय मी. मीही हसूनच म्हटलं, "हो गं, झालीस की मोठी."