ऑक्टोबरचं माप

३० मार्च २०२५, रविवार. पाडवा.
नवीन वर्ष, नवीन वही. ही वही गाडीतच राहणार, दाराच्या खिशात. रेसरला लॉगबुक लागतं.

ठरलं. ट्रॅक डे पुरे झाले. चार केले. फी भरा, हेल्मेट घाला, आपली गाडी आपण गोल फिरवा, ना नंबर ना निकाल. आता क्लब रेसिंग. माळवा मोटर क्लबची रेस १२ ऑक्टोबरला, पीथमपुरच्या ट्रॅकवर. मी असणार.

तयारी आहेच. मागच्या गाडीला पुढे जाऊ देताना खिडकीतून हात दाखवायचा असतो. तो कसा दाखवावा हे पोतनीसांकडून शिका, असं क्लबचे मानसिंगराव शेवटच्या ट्रॅक डेला सगळ्यांसमोर म्हणाले. दिवसभरात माझ्याइतक्या वेळा कोणीच हात दाखवला नव्हता.

वजन ८४. ऑक्टोबरपर्यंत ६८. सहा महिने, सोळा किलो. सोपं आहे. श्रीखंड आजचं शेवटचं.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०. कंपनीची बस.
(वही पिशवीत आणली. अपवाद.) श्रीखंड उरलं होतं, तेच डब्यात.

धार ते पीथमपुर. एकोणीस वर्षं हीच बस, हीच खिडकी, सीट नंबर चौदा. औषधाच्या फॅक्टरीत पर्चेसला आहे. फॅक्टरीच्या अलीकडे ट्रॅकची भिंत लागते. भिंतीत एक जाळीचं गेट आहे, तिथून ट्रॅक तीन सेकंद दिसतो. मग परत भिंत, मग फॅक्टरी, मग पाच वाजेपर्यंत बाटल्यांची बुचं.

कधी कधी वाटतं मीच एका बाटलीत आहे आणि बूचही मीच मागवलं आहे. असं लिहू नये. रेसरने पॉझिटिव्ह राहावं.

दिवाळीला मी या सीटवर नसेन. (नोकरी सोडणार नाही. पण मनाने नसेन.)

१३ एप्रिल, रविवार.
देवासहून प्रणव आला. चारुलताचा, म्हणजे बायकोचा, धाकटा भाऊ. मागच्या वर्षी तो ट्रॅक डेवरून क्लब रेसिंगमध्ये गेला. बारावा आला. बारा गाड्यांत. तरी सासुरवाडीत तो ‘आमचा रेसर’ आणि मी नुसता ‘जावईबापू’.

देवास एवढंसं गाव, त्यात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. ही मंडळी धाकट्या पातीची. आम्ही धारचे पोतनीस. पणजोबा संस्थानच्या मोटारखान्यात होते. वेग रक्तात आहे. चारुलता म्हणते, ते तिथे हजेरी मांडत.

प्रणवने माझी गाडी पाहिली. लाल, दोन सीटची, माझ्या कमरेएवढी उंच. बागलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. का विकताय विचारलं तर ते म्हणाले होते, गुडघे. माणसं लवकर हार मानतात.

प्रणव म्हणाला, ‘भाऊजी, गाडी चालवणं मागाहून, पहिले चेकिंग. आत लोखंडी पिंजरा लागेल, मोठा बेल्ट लागेल. आणि पूर्ण ड्रेस घालून दहा सेकंदात बाहेर निघून दाखवा लागतं, नाहीतर लिस्टमधून नाव कट.’

बाहेर निघण्याची परीक्षा! मी आत शिरायला धडपडतोय आणि हे बाहेर यायचे मार्क देतात.

८ जून, रविवार.
पहाटे किल्ल्यापर्यंत चालणं सुरू केलं. परतीच्या वाटेवर कचोरीचं दुकान आहे. दुसरी वाट नाही. वजन ८४.५. स्नायू वाढत असावेत.

१३ जुलै, रविवार.
पिंजरा आणि रेसिंगची सीट करायला पीथमपुरला राजवीरच्या वर्कशॉपमध्ये. माणूस कामाचा, पण विचार जुने. गेल्या गेल्या टेप काढून माझं माप घ्यायला लागला. थांबवलं. रेस ऑक्टोबरमध्ये, तर माप ऑक्टोबरचं हवं. ढगळ सीटमध्ये माणूस वळणावर हलतो. मी सोबत लग्नातला कोट नेला होता. २००४ सालचा, तेव्हाचं वजन ६७. बटणं लावून कोट सीटच्या जागी बसवला आणि म्हटलं, याच्या मापाने कर.

राजवीर म्हणाला, ‘भिया, नाप आदमी का लेते हैं, कोट का नहीं.’ समजावलं. मग दोनदा म्हणाला, ‘देख लो, भिया.’ मी सगळं पाहिलेलंच होतं. दाराच्या बाजूला एक आडवा बार पुरतो, मी दोन सांगितले. सेफ्टीशी तडजोड नाही.

घरी चारुलता म्हणाली की शिंपीसुद्धा आत माया सोडतो, पुढे कधी उसवता यावं म्हणून. लोखंड कुठून उसवणार? तिला शिवणातलं फार चांगलं कळतं.

२४ ऑगस्ट, रविवार.
वजन ८०!! काटा दोनदा पाहिला. किमयाला बोलावून दाखवला. (किमया म्हणजे आमची कन्या, अकरावीत.) ती म्हणाली, ‘बाबा, एक पाय खाली आहे तुमचा.’ दोन्ही पाय वर घेतले. ८१. तरी तीन किलो!

२५ ऑगस्ट, सोमवार.
बसमध्ये पेढे वाटले. कोणाला संकोच वाटू नये म्हणून आधी दोन मी खाल्ले. सगळ्यांना तारीख सांगून टाकली. आता माघार नाही. सेकंड शिफ्टची बस रविवारीही जाते, दीडच्या सुमारास त्या गेटवरून. ड्रायव्हर म्हणाला, ‘पोतनीस साब, उस दिन गेट पे गाड़ी धीमी कर दूँगा, सब देखेंगे आपको.’ रात्री झोप नीट लागली नाही. आनंदाने असणार.

९ सप्टेंबर, मंगळवार.
पितृपक्ष. याचा विचारच केला नव्हता.

धारमध्ये श्राद्धाला जेवायला बसतील असे मराठी ब्राह्मण आता मोजून सात. दोघांना शुगर, एक मुलाकडे पुण्याला, एकाची कवळी दुरुस्तीला. उरलो तिघे. नाही म्हणावं तर कुणाचे तरी आजोबा उपाशी राहायचे. आज एकच घर. वडे चारच घेतले.

१४ सप्टेंबर, रविवार.
दोन घरं. दुसरं राजाबाईंचं, वय ऐंशी. खीर, वडे, भाज्या, परत खीर. मी पानावर हात आडवा धरला. त्या म्हणाल्या, ‘ह्यांना खीर फार आवडायची हो,’ आणि पदर डोळ्याला लावला. ह्यांच्यासाठी तिसरी वाटी घेतली. त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं.

शास्त्राप्रमाणे हे अन्न पितरांना पोचतं. म्हणजे माझ्या अंगी लागायचं कारण नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.
आज तीन घरं. पंधरवड्यात एकूण एकवीस. वजन ८७. पितरांना पोचलेलं दिसत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार.
गाडी आली! पिंजरा देखणा झालाय. अंगणात ट्रायल घेतली, पूर्ण ड्रेस, हेल्मेट. आत गेलो. मागून चारुलताने ढकललं, पुढून किमयाने पाय ओढले. थोडं खोबरेल लागलं. सीट अशी घट्ट की वळणावर केसही हलणार नाही. रेसिंग म्हणजे हेच.

बाहेर यायला वेळ लागला. आकडा लिहीत नाही. (किमयाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. एकेचाळीस मिनिटं.)

चारुलताने स्वतः राजवीरला फोन लावला. तो म्हणाला, वरचा बार काढायचा तर अर्ध्या तासाचं काम आहे, उद्या घेऊन या. मी नको म्हटलं. आता कापायचं म्हणजे मी ६८चा होणार नाही हे लिहून देण्यासारखं झालं. आठ दिवस आहेत. फळांवर राहीन. चारुलताने तेलाची बाटली आत नेऊन ठेवली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.
सहा दिवस फळांवर. केळी फळातच येतात. वजन ८६. बाहेर यायची पद्धत बसवली आहे. आधी श्वास सोडायचा, मान डावीकडे, मग खांदा, मग बाकीचा मी. पलंगावर पडून मनातल्या मनात साडेनऊ सेकंद. दोनदा.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ८.१०.
आत आहे. घरूनच बसून निघालो. तिथे चारचौघांत ढकलायला सांगणं बरं दिसत नाही. चारुलता आणि किमया मागून स्कूटरवर. चहा नाही, पाणी नाही. प्रणव गेटवर भेटला, ‘ऑल द बेस्ट, भाऊजी.’ चेहरा पडलेला. माझी गाडी पाहून असेल.

१०.२०.
चेकिंग. मानसिंगराव स्टॉपवॉच घेऊन उभे. ‘चला’ म्हणाले. बेल्ट उघडला, स्टिअरिंग काढून बाहेर दिलं. इथवर फक्त चार सेकंद. फार चांगला वेळ.

१०.३५.
चेकिंग चालू आहे.

१०.५०.
मानसिंगरावांनी स्टॉपवॉच खिशात ठेवलं.

११.३०.
सहा जणांनी ओढून पाहिलं. डावा खांदा दोन बारांच्या मध्ये बसलाय, ना पुढे ना मागे. उजवा हात मोकळा आहे, म्हणून लिहितो. वही दाराच्या खिशात ठेवण्याची कल्पना किती योग्य होती.

मानसिंगराव वाकून हळूच म्हणाले, ‘पोतनीस साहेब, आग लागली असती तर?’ मी म्हटलं, लागली तर नाही. ते हसले नाहीत. लिस्टमधलं नाव माझ्यासमोर खोडलं. वाटलं होतं निदान पलीकडे जाऊन खोडतील.

ट्रॅक मोकळा हवा म्हणून गाडी ढकलत भिंतीपाशी नेली. जाळीच्या गेटसमोर, तोंड रस्त्याकडे. ट्रॅक माझ्या पाठीमागे.

१२.१०.
बार कापायचा तर कटर राजवीरकडे, आणि राजवीर आज गावी, शेतावर. फोन लागत नाही. प्रणव म्हणाला, मी घेऊन येतो. त्याची रेस सव्वाला. मी म्हटलं, रेस करून जा, मी कुठे चाललोय? तो म्हणाला, ‘रेस तर पुढच्या वर्षी पण होईल, भाऊजी.’ ड्रेस न बदलता तसाच गेला.

परत बारावा येण्याची भीती वाटली असेल. 

वरचं वाक्य खोडायचं आहे. तसं नाही. तो माझ्यासाठी गेला. वर्षभर त्याने याच दिवसाची वाट पाहिली होती, मला माहीत आहे, कारण मीही पाहिली होती.

१.१५.
रेस सुरू झाली. मान वळत नाही. नुसते आवाज. अकरा गाड्या. असायला हव्या होत्या तेरा.

चारुलता जुन्या टायरवर बसून संत्र्याच्या फोडी भरवते आहे. एकदाही हसली नाही. हसली असती तर मला रागवता आलं असतं. तिला सांगितलं की मला भीती वाटते आहे, श्वास पुरत नाही. ती म्हणाली, ‘मला पाडव्यापासून वाटते आहे.’ मग फोडीची बी काढून फोड तोंडात दिली.

१.३२.
बस आली. ड्रायव्हर शब्दाला जागला. गेटपाशी जवळजवळ थांबवलीच. तीन सेकंदांऐवजी चांगले दहा. सगळे खिडकीतून हात हलवत होते, कोणीतरी शिट्टी मारली. त्यांना काय दिसलं असेल? लाल गाडी, हेल्मेट, आत मी. मी उजवा हात बाहेर काढून दाखवला, पुढे जा म्हणून. तो मला चांगला जमतो.

सीट चौदाची खिडकी रिकामी होती. बस गेल्यावरही बराच वेळ तीच दिसत राहिली.

३.४०.
राजवीर आला. प्रणवच्या ड्रेसला कुसळं चिकटलेली. या वेळी तो ‘देख लो’ म्हणाला नाही. आधी टेप काढून माझं माप घेतलं. दंड, छाती, पोट. मग माझ्यावर ओली गोधडी टाकली आणि बार कापला. नऊ मिनिटं.

बाहेर आल्यावर प्रणवने खांदा दिला. त्याला थँक्यू म्हणायचं होतं, म्हटलं नाही. उद्या फोन करीन.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ८.३५. फॅक्टरीच्या गेटवर.
बसमध्ये टाळ्या. सेकंड शिफ्टवाल्यांनी सांगितलं म्हणे, पोतनीस सगळ्यांच्या पुढे होते, मागे एक गाडी दिसत नव्हती. कितवा आलात विचारलं. गाडीने दगा दिला म्हणालो. हे गाडीवर अन्याय करणारं आहे, पण ती ऐकत नव्हती.

सीट चौदा. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. भिंत आली, मग गेट. आज बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिन्ही सेकंद पाहिलं.

उतरताना, सहज म्हणून, मोजलं. उठणं, दप्तर, डबा, पायऱ्या, जमीन. चार सेकंद. मानसिंगरावांनी पाहायला हवं होतं.